मुकुरूच्या मुलांसाठी काही करायचं असेल तर आधी मक्याच्या पोत्याचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या अकरा जणांच्या ग्रुपला नैरोबीच्या मुकुरू वस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला मदत करायचीय, ग्रुपमधल्या एकाचा भाऊ नैरोबीत नोकरीला आहे आणि त्याने तिथली शाळा बघितलीय, वर्षाला साधारण तीन लाख रुपये जमतील. आता त्यातून वर्गखोली बांधावी की पाच-सहा मुलं स्पॉन्सर करावी, पैसे खरंच मुलांपर्यंत पोचतात हे कसं कळणार, आणि मे महिन्यात दोघं-तिघं जाऊन पंधरा दिवस शिकवून आले तर चालेल का.

मी मूळची सांगलीची, 2008 पासून नैरोबीत आहे, इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि गेली तेरा वर्षं मुकुरूतल्याच एका छोट्या संस्थेचे हिशेब सांभाळते. आधी उत्तर सांगून टाकते आणि मग कारणं देते: खोली नको, एकेक मूल स्पॉन्सर करणं नको, पंधरा दिवसांचं शिकवणं नको. दुपारचं जेवण, टीचर लोकांचे पगार आणि मुलांचे कागद, या तीन गोष्टींना पैसे द्या, आणि कमीत कमी तीन वर्षं एकही वर्ष न चुकवता द्या. तीन वर्षांची खात्री नसेल तर रक्कम कमी करा पण वर्षं कमी करू नका.

आता मुकुरू म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोकांना नैरोबीतली किबेरा ही झोपडपट्टीच माहीत असते आणि सगळं तसंच असेल असं वाटतं. मुकुरू म्हणजे किकुयु भाषेत दरी, खोलगट जागा. न्गोंग नदीच्या काठाने आमच्या फॅक्टरींच्या भिंतींना चिकटून ही वस्ती पसरलीय, मुकुरू क्वा न्जेंगा, मुकुरू क्वा रुबेन आणि विवांदानी असे तिचे मोठे तीन भाग. विवांदानी या शब्दाचा अर्थच कारखान्यांची जागा. 2017 मध्ये नैरोबी काउंटीने या पट्ट्याला विशेष नियोजन क्षेत्र म्हणून जाहीर केलं, त्यानंतर मोजणी झाली तेव्हा इथे लाखभर कुटुंबं निघाली. पत्र्याची खोली, दहा बाय दहा, त्यालाही लोक टेन बाय टेनच म्हणतात, मुंबईत म्हणतात तसंच. पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनने विकत घ्यायचं, आणि हिशेब केला तर मुकुरूतली बाई एका लिटरला चांगल्या कॉलनीतल्या नळवाल्या बाईपेक्षा जास्त पैसे मोजते. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला दोन दिवस नीट झोप लागली नव्हती.

सकाळी सहाला आमच्या रस्त्यावर या, प्रत्येक फॅक्टरीच्या गेटबाहेर बायका-पुरुष उभे असतात, किबारुआ म्हणजे रोजंदारी मिळेल का म्हणून. मिळाली तर पाच-सहाशे शिलिंग, नाही मिळाली तर त्या बायका चालत साउथ बी या जवळच्या कॉलनीपर्यंत जाऊन कोणाचे कपडे धुवायला मिळतात का बघतात, त्यांना मामा फुआ म्हणतात. (एक शिलिंग म्हणजे आपले साधारण 65-70 पैसे.) म्हणजे आईचं आज काय होणार ते सकाळी सातपर्यंत तिलाही माहीत नसतं. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरून येतं. ज्या घरात रोजचा पैसा अनिश्चित आहे त्या मुलाला बाहेरून द्यायची गोष्ट असेल तर ती ठरलेली पाहिजे, एकदा भरपूर आणि मग दोन वर्षं काहीच नाही याने त्या मुलाचं काहीच भलं होत नाही.

शाळेचं गणित आता. केनियात 2003 च्या जानेवारीत प्राथमिक शिक्षण फुकट झालं, एका वर्षात शाळेतली मुलं 59 लाखांवरून 72 लाखांवर गेली, सरकार तेव्हा एका मुलामागे वर्षाला 1,020 शिलिंग शाळेला देत होतं. पण वस्तीच्या आत सरकारी शाळा जवळपास नव्हत्याच आणि आजही फार थोड्या आहेत, ज्या आहेत त्या कडेला आहेत आणि एकेका वर्गात ऐंशी-शंभर मुलं. त्यामुळे मुकुरूतली बहुसंख्य मुलं ज्या शाळांत जातात त्या लोकांनीच काढलेल्या आहेत, कोणीतरी बाई स्वतःच्या खोलीत आठ-दहा मुलं सांभाळायला सुरुवात करते, मग नर्सरी होते, मग वर्ग वाढत जातात. सरकारी भाषेत त्यांना एपीबीईटी शाळा म्हणतात आणि तिथले लोकही अपबेट असंच म्हणतात. या शाळांच्या पोरांना सरकारचा माणशी पैसा सहसा मिळत नाही. तुमच्या ग्रुपने निवडलेली शाळा याच प्रकारची असणार असं वर्णनावरून मला वाटतं.

जेवणाचंही तसंच. 2023 मध्ये नैरोबी काउंटीने फूड फॉर एज्युकेशन या संस्थेबरोबर डिशी ना काउंटी नावाची योजना सुरू केली, मोठाली किचन्स बांधली, मूल हातातला बँड मशीनला लावतं आणि पाच शिलिंगमध्ये गरम जेवण मिळतं. वावीरा न्जिरू या बाईने 2012 मध्ये अगदी लहान स्वरूपात सुरू केलेलं हे काम आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. पण ही योजना सरकारी शाळांसाठी आहे. म्हणजे भिंतीच्या अलीकडच्या सरकारी शाळेतलं पोर पाच शिलिंगात जेवतं आणि पलीकडच्या पत्र्याच्या शाळेतलं त्याचंच सख्खं भावंड जेवत नाही. छोट्या संस्थेची जागा नेमकी तिथे आहे, मोठ्यांनी जिथवर आणून सोडलंय त्याच्या पुढच्या त्या फटीत.

आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार दुपारी गिथेरी असते, मका आणि राजमा एकत्र शिजवलेला, आठवड्यातून एकदा भात आणि घेवड्याची आमटी, आणि लहान वर्गांना सकाळी दहाला उजी म्हणजे पातळ पेज. एका ताटाला तेल, कोळसा, पाणी आणि स्वयंपाकाच्या दोघी बायकांचा पगार धरून 35 शिलिंगच्या आसपास पडतं. तुमचे तीन लाख म्हणजे बँकेचे चार्जेस वजा जाता साधारण 65 मुलं वर्षभर शाळेच्या प्रत्येक दिवशी जेवतील. ऐकायला लहान वाटतं, मला माहितीय, वर्गखोलीवर नावाची पाटी लागते आणि गिथेरीवर लागत नाही. पण आमच्या हजेरीपटावर मी स्वतः बघितलंय, ज्या आठवड्यात कोळसा संपला म्हणून जेवण झालं नाही त्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवारी वर्ग अर्धे रिकामे. पोरं शाळा सोडत नाहीत, ती खायला काहीतरी मिळवायला बाहेर पडतात, भंगार गोळा करतात, नदीकाठी जातात, आणि एकदा सवय लागली की परत आणणं अवघड.

आणि इथे ती मक्याच्या पोत्याची गोष्ट येते जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय. केनियात मक्याचं मुख्य पीक रिफ्ट व्हॅलीतून येतं, साधारण ऑक्टोबरपासून काढणी सुरू होते, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी भाव खाली असतो आणि मे-जून-जुलैमध्ये चढतो, काही वर्षं फारच चढतो. पोतं 90 किलोचं. ज्या शाळेकडे डिसेंबरमध्ये पैसा आहे ती वर्षाचा बराचसा मका स्वस्तात भरून ठेवते, ज्या शाळेकडे पैसा एप्रिलमध्ये येतो ती तीच पोती महाग घेते आणि वर्षाअखेरीस दोन-तीन आठवडे जेवण बंद ठेवते. रक्कम तीच आणि देणाऱ्याचं मनही तेवढंच चांगलं, फक्त तारीख चुकली. भारतातले, इंग्लंडातले देणगीदार आपल्या आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये पैसे पाठवतात, आणि केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. आम्हीही पहिली तीन वर्षं मार्च-एप्रिलमध्येच मका घेत होतो कारण पैसेच तेव्हा यायचे, कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी अकाउंटंट असून माझ्याही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या तीन वर्षांत किती ताटं कमी पडली ते मी आता मोजू शकते.

मका साठवायचा तर कोरडा पाहिजे, 13.5 टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको, कारण ओलसर मक्यावर बुरशी येते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. 2004 मध्ये पूर्व केनियात याच कारणाने सव्वाशे माणसं मेली होती. म्हणून ओल मोजायचं छोटं मशीन आणि हवाबंद प्लास्टिकचं अस्तर असलेली पोती, या दोन गोष्टी विकत घ्यायला लावा, पहिल्याच वर्षी. हा खर्च कोणी मागत नाही कारण तो कोणाला सुचत नाही.

टीचरांचे पगार. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला सरकार पगार देतं, इथल्या टीचरला पालकांच्या फीमधून मिळतो, आणि पालकांची फी म्हणजे वर सांगितलेली ती गेटबाहेरची रोजंदारी. महिन्याच्या पाच तारखेला शाळेकडे जे असेल ते वाटून घ्यायचं अशी पद्धत. मी आले तेव्हा आमच्या टीचर सहा हजार शिलिंग ठरलेल्या पगारावर होत्या आणि हातात कधी तीन हजार पडायचे. मग काय होतं, चांगली टीचर दुसऱ्या टर्मला निघून जाते, तिसऱ्या टर्मला नवीन, आणि तिसरीतल्या मुलाने एका वर्षात तीन टीचर बघितलेल्या असतात. त्यात 2019 पासून नवा अभ्यासक्रम आला, त्याला सगळे सीबीसी म्हणतात, जुनी आठवीची केसीपीई परीक्षा 2023 मध्ये शेवटची झाली, आता सहावीला वेगळी परीक्षा, नववीला वेगळी, सतत प्रोजेक्ट आणि मूल्यांकन, आणि त्यासाठी ट्रेनिंग घेतलेली टीचर टिकून राहणं फार गरजेचं झालंय. आम्ही एकच केलं, पगाराचा अर्धा भाग संस्थेने उचलला आणि तो दर महिन्याच्या 28 तारखेला एमपेसावर, म्हणजे टीचरच्या मोबाइलवरच्या पैशाच्या खात्यात, पडतोच पडतो, फी जमो न जमो. गेल्या सहा वर्षांत आमच्या नऊ टीचरांपैकी दोनच सोडून गेल्या. बाकी काही ट्रेनिंग-बिनिंग नंतर.

कागद म्हणजे मुख्यतः जन्माचा दाखला. परीक्षेला बसायचं तर मुलाची सरकारी सिस्टीममध्ये नोंद लागते आणि नोंदीला जन्मदाखला लागतो. वस्तीत जन्मलेली, घरीच दाईच्या हाताने झालेली, किंवा आई गावाकडे बाळंतपणाला गेली आणि तिकडेच नोंद राहिली, अशी भरपूर मुलं आहेत. गावाला तिथली पोरं उशागो म्हणतात, आणि उशागो कधी कधी रात्रभराच्या बसच्या अंतरावर असतं. दाखला काढायला चीफचं म्हणजे त्या भागाच्या सरकारी अधिकाऱ्याचं पत्र, आईचं ओळखपत्र, लसीकरणाचं कार्ड, दोन-तीन खेपा, आणि प्रत्येक खेप म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी गेली. मूल पाचवीत असताना हे सुरू केलं तर सहज होतं, परीक्षेच्या दोन महिने आधी सुरू केलं तर होत नाही. आम्ही एक मुलगी पार्टटाइम ठेवलीय, त्याच वस्तीत वाढलेली, तिचं काम एवढंच की कोणाचा दाखला नाही ते शोधायचं आणि आईबरोबर जायचं आणि त्या दिवशीच्या मजुरीचे पैसे आईला द्यायचे. आमच्या सगळ्या खर्चात हा खर्च सगळ्यात लहान आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा.

आता खोली का नको. मुकुरूची जमीन कोणाची हा प्रश्न गेली तीस-चाळीस वर्षं भिजत पडलाय. सत्तर-ऐंशीच्या दशकापासून ही जमीन कागदोपत्री खाजगी लोकांना, कंपन्यांना लीजवर दिली गेली, राहतात दुसरेच, आणि पत्र्याच्या खोल्यांचे मालक तिसरेच, त्यांना स्ट्रक्चर ओनर म्हणतात, ते भाडं घेतात पण जमिनीचा कागद त्यांच्याकडेही नसतो. 2021 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुकुरू क्वा न्जेंगामध्ये रस्त्याच्या कामाच्या निमित्ताने बुलडोझर आले आणि हजारो कुटुंबांची घरं गेली, शाळा पण गेल्या, लोक कितीतरी दिवस त्याच जागेवर ताडपत्रीखाली राहत होते. 2024 च्या एप्रिल-मेमध्ये मोठा पूर आला आणि नंतर नदीपासून 30 मीटरच्या आतलं सगळं पाडायला सुरुवात झाली, मथारे या दुसऱ्या वस्तीतही आणि आमच्या रुबेनच्या बाजूलाही. आम्ही स्वतः 2013 मध्ये दोन दगडी वर्गखोल्या बांधल्या होत्या, एका चांगल्या देणगीदाराच्या पैशाने, आणि 2016 मध्ये जागेवर हक्क सांगणारा माणूस कागद घेऊन आला, भाडं तिप्पट मागितलं, आम्ही तीन महिने भांडलो आणि शेवटी निघालो. पत्रे काढून नेले, बाकं नेली, भिंती तिथेच राहिल्या. म्हणून माझं मत पक्कं आहे, जमिनीचा कागद वकिलाकडून तपासल्याशिवाय एक वीटही नाही. फार तर पत्रे बदला, वायरिंग नीट करून घ्या, दुसरा दरवाजा पाडून घ्या म्हणजे आग लागली तर पोरं बाहेर पडतील. आणि कोणी वरती मजला चढवायचा म्हणालं तर साफ नाही म्हणा, 2019 च्या सप्टेंबरमध्ये नैरोबीतच डागोरेट्टी भागात अशाच एका शाळेचा वरचा मजला सकाळी वर्ग भरलेले असताना खाली आला आणि लहान मुलं गेली.

एकेक मूल स्पॉन्सर करण्याबद्दल लोक माझ्यावर नाराज होतात पण मी अनुभवाचं सांगते. एका खोलीत तीन भावंडं राहतात, एकाला पुण्याहून दप्तर, बूट आणि वाढदिवसाचं कार्ड येतं, दोघांना नाही. शेजारची आई हेडटीचरला विचारते माझ्या पोरीचा फोटो का नाही पाठवला. मग हेडटीचर कोणाचा फोटो पाठवायचा हे ठरवणारी बाई होते आणि वस्तीतले तिचे संबंध बिघडतात. आणि दोन वर्षांनी स्पॉन्सरची नोकरी जाते, त्याची काही चूक नसते, पण मुलाला वाटतं आपणच काहीतरी चुकीचं लिहिलं पत्रात. हे मला एका दहा वर्षांच्या मुलाने स्वतः विचारलंय. त्यापेक्षा पूर्ण वर्गाचं जेवण घ्या, एका टीचरचा अर्धा पगार घ्या, कोणाचं काही वेगळं दिसत नाही.

याला एकच अपवाद मी करते, शाळेचा पुढचा टप्पा. मूल सेकंडरीला जातं, 2026 पासून हा टप्पा ग्रेड 10 पासून सुरू होतो, तेव्हा बरीच मुलं बोर्डिंगला जातात आणि शाळेकडून यादी येते: पत्र्याची ट्रंक, कुलूप, गादी, दोन ब्लँकेट, बादली, युनिफॉर्म, पुस्तकं, आणि पहिल्या टर्मची फी. जानेवारीत नैरोबीच्या बस स्टँडवर बघा, टपांवर नुसत्या ट्रंका बांधलेल्या दिसतात. चांगले मार्क मिळवून, चांगल्या शाळेत नंबर लागून, फक्त ट्रंक आणि गादीसाठी घरी बसलेली मुलं मी बघितलीत. इथे एकेका मुलाला मदत करावीच लागते, पण तीसुद्धा एका सामायिक फंडातून, निवड पालक आणि टीचरांच्या कमिटीने करायची, तुम्ही नाही आणि मी पण नाही. आणि एक अट, एकदा घेतलं की सेकंडरीची सगळी वर्षं पूर्ण करायची. मधे सोडलेलं मूल कधीच न घेतलेल्या मुलापेक्षा वाईट अवस्थेत असतं, तोपर्यंत कुटुंबाने दुसरी सोय बघायची बंद केलेली असते.

फोटोंचं पण सांगते. केनियात 2019 चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, मुलांचा फोटो पालकांच्या संमतीशिवाय छापता येत नाही, 2023 मध्ये एका शाळेला यासाठी 45 लाख शिलिंगपेक्षा जास्त दंड झालाय. पण कायदा बाजूला ठेवला तरी, शेंबूड आलेल्या, फाटक्या शर्टातल्या पोराचा फोटो आपण आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आपल्या मुलाचा टाकू का? नाही ना? पोत्यांचे, पातेल्याचे, हजेरीपटाचे, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे (त्यांना विचारून) फोटो मागा.

पैसे पोचतात का हे कसं कळणार. संस्था नोंदलेली पाहिजे, सीबीओ म्हणजे वस्तीतली छोटी संस्था असेल तर त्याचं सर्टिफिकेट, मोठी असेल तर 2024 च्या मे पासून लागू झालेल्या नव्या पीबीओ म्हणजे सेवाभावी संस्थांच्या कायद्याखाली तिची नोंद काय आहे ते विचारा. पैसा कुणाच्या वैयक्तिक एमपेसा नंबरवर कधीच पाठवू नका, संस्थेच्या बँक खात्यात, दोन सह्यांच्या. खर्च मात्र एमपेसाच्या टिल किंवा पेबिलवरून, म्हणजे दुकानांना-संस्थांना मिळणाऱ्या एमपेसा नंबरवरून, झाला तर उत्तम, कारण त्याचं स्टेटमेंट निघतं, कोळसेवाल्याला किती दिले, कोणत्या तारखेला दिले, सगळं दिसतं. 2007 मध्ये हे एमपेसा आलं, त्याआधी वस्तीतल्या संस्थेचा हिशेब म्हणजे पावत्यांची पिशवी असायची. मी काय करते सांगू, ताटांचा आकडा आणि हजेरीपटाचा आकडा शेजारी शेजारी ठेवते. दोन्ही दर दिवशी तंतोतंत सारखे असतील तर मला शंका येते, कारण खऱ्या शाळेत ते कधीच सारखे नसतात, कोणी धाकट्या बहिणीला घेऊन येतं, कोणी आजारी असून फक्त जेवायला येतं. आणि वर्षातून एकदा त्यांना विचारा की यंदा काय फसलं. ज्या संस्थेकडून चार वर्षं फक्त चांगल्याच बातम्या येतात तिथे एकदा तुमच्या मित्राच्या भावाला न सांगता दुपारी बाराला पाठवा, जेवणाच्या वेळेला.

अजून एक, ही शाळा बहुधा एका बाईवर उभी आहे. ती आजारी पडली तर सह्या कोण करणार, पोती कोण घेणार हे पहिल्याच वर्षी विचारा. कमिटीत आया आहेत का तेही विचारा. वस्तीतल्या आयांना हिशेब कळत नाही असं समजू नका, त्या सगळ्या चामा चालवतात, चामा म्हणजे आपली भिशी. आणि इथे एक गोष्ट तुम्हाला आवडेल. मुकुरूत आणि नैरोबीच्या इतर वस्त्यांत मुउंगानो वा वानाविजिजी नावाची झोपडपट्टीतल्या लोकांची संघटना आहे, 1996 पासूनची, बचत गट, वस्तीची मोजणी, जमिनीचा लढा हे सगळं ते करतात, मुकुरूच्या नियोजनातही त्यांचा मोठा वाटा होता. ही संघटना ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्याची भाग आहे त्याची रोज थोडी थोडी बचत गोळा करायची, वस्तीने स्वतःची मोजणी करायची ही पद्धत आपल्या भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांच्या महिला मिलनकडून आणि जोकिन अर्पुथम यांच्या संघटनेकडून आलेली आहे. म्हणजे मुंबईच्या फुटपाथवरून ही गोष्ट इथे आधीच पोचलीय, देणगी म्हणून नाही तर बायकांनी बायकांना शिकवलेली. त्यामुळे कमिटीतल्या आयांशी बोलताना हे डोक्यात असू द्या.

तीन वर्षं न चुकता असं मी का म्हणते त्याचं कारण 2020. मार्चच्या मध्याला शाळा बंद झाल्या त्या बहुतेक वर्गांसाठी 2021 च्या जानेवारीतच उघडल्या. आमची आणि आजूबाजूच्या अनेक शाळांची जेवणं एका दिवसात थांबली. ज्या संस्थांचे देणगीदार टिकले त्यांनी जेवणाचे पैसे आयांच्या फोनवर पाठवले, दर आठवड्याला, थोडेच, पण ठरलेल्या वारी. आम्ही पाठवू शकलो कारण तीन कुटुंबं, त्यातलं एक कोल्हापूरचं आणि दोन इथल्याच गुजराती लोकांची, दर महिन्याचे पैसे देत राहिली. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा मोठ्या वर्गांतल्या काही मुली परत आल्याच नाहीत, त्यांची नावं अजून जुन्या रजिस्टरमध्ये आहेत. ज्या घरांत पैसे जात राहिले तिथल्या जवळपास सगळ्या आल्या.

आता पंधरा दिवस शिकवायला येण्याबद्दल. मुलांचा लळा लागतो आणि मग माणूस निघून जातो, आणि हे त्यांच्या आयुष्यात आधीच भरपूर झालेलं असतं. शिवाय केनियाच्या शाळांना मे महिन्यात सुट्टी नसते, दुसरी टर्म असते, टीचरला पाहुणे सांभाळायला लावणं म्हणजे वर्ग बुडवणं. नैरोबीला जरूर या, दोन दिवस शाळेत या, स्वयंपाकघरात बसा, हिशेब बघा, आयांशी बोला, आणि मग परत जा. तुमच्यात कोणी अकाउंट्सवाला असेल तर घरबसल्या दर महिन्याला त्यांची शीट तपासून द्या, ते पंधरा दिवस शिकवण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. तुम्हाला बघून पोरं मागे लागून ओरडतील, म्हिंदी, म्हिंदी. त्याचा राग मानू नका. म्हिंदी म्हणजे भारतीय, आणि त्यांच्यासाठी म्हिंदी म्हणजे बहुतेक वेळा आईच्या फॅक्टरीचा मालक किंवा सुपरवायझर. हे मला इथे बोललंच पाहिजे, आपण भारतीय लोक त्या गेटच्या आतल्या बाजूला आहोत, आणि त्या आईला महिन्याचे ठरलेले दिवस काम आणि कायद्याप्रमाणे पगार मिळाला तर तिच्या मुलाला आमच्या ताटाची गरज बरीच कमी पडेल. तुमच्या मित्राचा भाऊ अशाच फॅक्टरीत असेल तर त्याला हेही सांगा.

आणि कोणी अनाथाश्रम काढायचा विचार मांडला तर तो तिथेच थांबवा. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवलीय आणि आता मुलं कुटुंबात, नातेवाइकांकडे राहावीत असं धोरण आहे. मुकुरूत आई-बाप नसलेलं मूल बहुधा शोशोकडे असतं, शोशो म्हणजे आजी. शोशोचं भाडं आणि नातवाचं जेवण बघा, मूल तिच्याजवळच राहू दे.

भारताच्या बाजूचं थोडक्यात. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून, आपल्या पॅनवर, बँकेतून एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, देणगी म्हणून पाठवा, ए2 फॉर्म भरावा लागतो. देणगीवरची आयकराची सवलत, जिला लोक 80जी म्हणतात, ती मिळणार नाही, परदेशी संस्थेला ती नाहीच. भारतातल्या एखाद्या ट्रस्टच्या खात्यातून पाठवू म्हणाल तर ट्रस्टला परदेशात खर्च करायला आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते, त्या भानगडीत पडू नका. अकरा जणांनी वेगवेगळं पाठवलं तर अकरा वेळा चार्जेस लागतील, म्हणून दरमहा नको, वर्षातून एकदाच पाठवा.

आणि ते एकदाच कधी, तर दिवाळीत जमवा, नोव्हेंबर संपायच्या आत पाठवा. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोती घेता येतील, आणि शाळा जानेवारीत उघडेल त्या सोमवारी चूल पेटलेली असेल. हेडटीचरला आजच एक मेसेज टाका आणि विचारा, मागच्या वर्षी मका कोणत्या महिन्यात घेतला आणि पोतं कितीला पडलं. ती लगेच तारीख आणि भाव सांगू शकली तर तुमची शाळा बरोबर निवडलीय.